क्युबन सिगार: एकच घ्या, बिलासकट घ्या

वर्षअखेरच्या सुट्टीत क्युबन सिगार तीन वाटांनी हातात येते. दुबईहून किंवा लंडनहून येणारा मेहुणा आणतो, परतीच्या प्रवासात विमानतळावरच्या ड्यूटी फ्री दुकानात दिसते, नाहीतर कुणीतरी ‘ओरिजिनल आहे, आपला खास माणूस आहे’ म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर पेटीचा फोटो पाठवतो. पहिल्या दोन वाटांनी घेताना काय बघायचं, ते पुढे सांगतो. तिसऱ्या वाटेने घेऊ नका. जगात सर्वात जास्त नकला होणाऱ्या मालांत क्युबन सिगार मोडते आणि बिल नसलं की तुमची तक्रार कुणीही ऐकून घेत नाही.

त्याआधी एक गोष्ट. सिगारचा धूर छातीत ओढायचा नसतो, तोंडात घेऊन सोडायचा असतो. म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही. तोंड, जीभ, घसा आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका तिच्यातही आहे, आणि एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढी तंबाखू असू शकते. तुम्ही तंबाखू ओढत नसाल तर हा लेख वाचून सुरुवात करू नका. हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर नकोच. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर घरात पेटवू नका, गॅलरीतही नको. वर्षातून एखादी ओढणाऱ्याचे पैसे तरी फुकट जाऊ नयेत, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

आता किंमत. युरोपात जाणार असाल तर स्पेन हा अंदाज घ्यायला सर्वात सोपा देश. तिथे तंबाखूच्या किमती राजपत्रात जाहीर होतात आणि ‘एस्तांको’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या परवानाधारक दुकानांत देशभर तीच किंमत लागते. घासाघीस नाही, आणि पर्यटक बघून वाढवलेला भावही नाही. होसे एल. पिएद्रा हे साधं, खेडवळ चवीचं नाव तिथे एका सिगारला दहा युरोंच्या आत मिळतं. मोंतेक्रिस्तो नंबर ४ दहा ते पंधरा युरोंच्या आसपास, पार्तागास सेरी डी नंबर ४ पंधरा ते पंचवीसच्या दरम्यान. कोहिबाची रोबुस्तो पन्नास युरोंच्या वर. युरो शंभर रुपये धरला तर पहिली हजाराच्या आत, दुसरी हजार ते दीड हजार, तिसरी दोन हजारांच्या अलीकडे-पलीकडे आणि कोहिबा पाच हजारांच्या पुढे. ब्रिटनमध्ये करामुळे याच सिगारला बरेच जास्त पडतात. भारतात आयात शुल्क आणि कर चढल्यावर स्पेनच्या भावाशी तुलनाच करू नका.

कोहिबा एवढी महाग का, याचं उत्तर चवीपेक्षा धोरणात आहे. क्युबन सिगारची जगभरची विक्री हाबानोस एस. ए. ही एकच कंपनी बघते. तिने २०२२ मध्ये कोहिबा आणि त्रिनिदाद या दोन नावांच्या किमती जगभर हाँगकाँगच्या पातळीला आणल्या. कित्येक देशांत त्या दुपटी-तिपटीने वाढल्या. तंबाखू तीच राहिली. पहिल्यांदा घेणाऱ्याने म्हणूनच कोहिबाच्या मागे लागू नये. माझ्या मते पैशांच्या मानाने सर्वात जास्त समाधान मोंतेक्रिस्तो नंबर ४, एच. उपमान हाफ कोरोना आणि पार्तागास डी ४ या तिघींत आहे. पार्तागास जरा तिखट, जड, उपमान हलकी. सौम्य हवी असेल तर होयो दे मोंतेरेय एपिक्युअर नंबर २.

नाव ठरवण्याआधी वेळ ठरवा. सिगार घाईत ओढली की कडू होते, आणि अर्धी टाकली की अर्धे पैसे गेले. एच. उपमान हाफ कोरोना ९० मिलिमीटर लांब, वीस-पंचवीस मिनिटांची. मोंतेक्रिस्तो नंबर ४ ही १२९ मिलिमीटर, अर्धा तास ते चाळीस मिनिटं. पार्तागास डी ४, एपिक्युअर नंबर २ आणि कोहिबा रोबुस्तो या तिन्ही १२४ मिलिमीटर लांब आणि ५० रिंगच्या. पाऊण ते एक तास. रोमिओ इ हुलिएताची चर्चिल १७८ मिलिमीटर, तिला सव्वा ते दीड तास हाताशी ठेवा. रिंग म्हणजे जाडी: एका इंचाचे ६४ भाग, त्यातले ५० म्हणजे साधारण २० मिलिमीटर. जाड सिगार जास्त कडक लागते हा गैरसमज आहे. कडकपणा आतल्या पानांवर ठरतो, जाडीवर नाही.

कुठे घ्यायची? परदेशात ‘ला कासा देल हाबानो’ अशी पाटी असलेली दुकानं अधिकृत साखळीतली. ड्यूटी फ्री दुकानं खऱ्या मालासाठी विश्वासाची, पण स्वस्त असतीलच असं नाही; जाताना भाव टिपून ठेवा आणि येताना ताडून बघा. कार्डाने पैसे दिलेत तर परकीय चलनाचा अधिभार आणि त्यावरचा जीएसटी नंतर बिलात उमटतो, तो धरून हिशोब करा. ‘पाच घेतल्या तर एक कमी किमतीत’ या योजनेत अडकू नका. त्या पाच घरी आणून सांभाळायला वेगळा खर्च आहे.

भारतात कायदेशीर आयात झालेली पेटी ओळखायला सोपी. तिच्यावर चित्रासह धोक्याचा इशारा असतो, छापील किरकोळ किंमत असते, आयातदाराचं नाव-पत्ता असतो. यातलं काहीही नसलेली, नुसती सुंदर लाकडी पेटी दिसली तर ती एकतर चोरट्या मार्गाने आलेली आहे किंवा नकली. दुकानदार ‘स्टिकर काढून ठेवलाय’ म्हणाला तरी परत ठेवा. जीएसटीचं पक्कं बिल मागा. वय १८ पूर्ण नसलेल्याला विकता येत नाही, तेव्हा ओळखपत्र खिशात असू द्या. परदेशातून कुरियरने मागवण्याच्या फंदात पडू नका; पार्सल सीमाशुल्कात अडकलं तर माल आणि पैसे दोन्ही जातात.

प्रत्यक्ष क्युबाला जाणार असाल तर हवानाच्या रस्त्यावर एक गोष्ट हमखास ऐकाल. माझा भाऊ कारखान्यात आहे, कामगारांना महिन्याला काही पेट्या मिळतात, आज सहकारी संस्थेची विक्री आहे, फक्त आजच. मग एखाद्या घराच्या माडीवर कोहिबाची पेटी उघडली जाते, दुकानाच्या निम्म्या किंवा पाव किमतीत. बाहेरचं पान बरं असतं, आत चुरा आणि कधी भलतीच पानं. घेऊ नका. मोठ्या हॉटेलांतल्या आणि अधिकृत दुकानांतच घ्या. गेली काही वर्षं तिथेही मोठ्या नावांची टंचाई आहे. फळी रिकामी दिसली म्हणून गल्लीत वळू नका, जे आहे त्यातलं निवडा. अमेरिकी बँकांची कार्डं क्युबात चालत नाहीत, बाकीचीही अडखळतात, म्हणून दोन वेगवेगळी कार्डं आणि थोडे युरो जवळ ठेवा.

क्युबातल्याच विन्यालेसच्या तंबाखूच्या शेतांवर शेतकरी स्वतः वळलेली, नावाचा कागदी पट्टा नसलेली सिगार देतो. ती नकली नाही, ती कोहिबा असल्याचा दावाही तो करत नसेल तर उत्तमच. तिथेच बसून ओढा, मजा आहे. घरी आणायला मात्र ती टिकाऊ नसते.

क्युबातून बाहेर पडताना सुट्या २० सिगारपर्यंत कागद लागत नाही. मूळ सीलबंद, होलोग्रामच्या पेटीत असतील तर ५० पर्यंत. त्यावर गेलात तर अधिकृत दुकानाचं बिल दाखवावं लागतं. मी म्हणेन, एक घेतली तरी बिल जपा. विमानतळावर प्रश्न आला तर तोच एक कागद उपयोगी पडतो.

खरी पेटी कशी ओळखायची, इथे जरा थांबतो, कारण पैसे इथेच बुडतात. पेटीच्या डाव्या बाजूला हिरवट रंगाचं सरकारी हमीचं सील असतं. त्यावर होलोग्राम आणि बारकोड असतो. बारकोडचा आकडा हाबानोसच्या संकेतस्थळावर टाकून पडताळता येतो. पैसे देण्याआधी दुकानातच मोबाइलवर टाका, दुकानदार खरा असेल तर तो रागावणार नाही. वरच्या उजव्या कोपऱ्यात ‘हाबानोस’ लिहिलेली तिरकी पट्टी. मग पेटी उलटी करा. तळाला कंपनीचं नाव, ‘एचो एन कुबा’ म्हणजे क्युबात बनलेली, आणि ‘तोताल्मेंते आ मानो’ म्हणजे पूर्णपणे हाताने, हे शब्द लाकडात डागून उमटवलेले असतात. बोटाला खोलगट लागले पाहिजेत. छापलेले किंवा चिकटवलेले असतील तर पेटी ठेवून द्या. त्याशेजारी शाईचा शिक्का: कारखान्याचा सांकेतिक शब्द आणि महिना-वर्ष. महिना स्पॅनिशमध्ये असतो. जानेवारीसाठी ई-एन-ई, ऑगस्टसाठी ए-जी-ओ, डिसेंबरसाठी डी-आय-सी. या महिन्यांची इंग्रजी अक्षरं दिसली, तर पुढे काही तपासायची गरज नाही.

झाकण उघडल्यावर सगळ्या सिगारचा रंग जवळपास एक असला पाहिजे, आणि त्यांचे कागदी पट्टे एका रेषेत, एकाच दिशेने. कोहिबाच्या काळ्या पट्ट्यावरचे पांढरे चौकोनी ठिपके नीट रांगेत आणि अख्खे असतात. अर्धवट कापलेले ठिपके म्हणजे नक्कल. काचेच्या झाकणाची कोहिबाची पेटी समुद्रकिनाऱ्यांवर आणि पर्यटनस्थळी फार विकली जाते. कोहिबा अशा पेटीत कधीच येत नाही.

सुटी एकच सिगार घेताना हे पेटीवरचे शिक्के तुमच्या हाताशी नसतात. म्हणून सुटी घ्यायची ती दुकानदाराने तुमच्यासमोर मूळ पेटीतून काढलेली. पेटीचा तळ बघायला मागा. सिगार बोटांत हलकेच दाबून बघा: किंचित दबून परत फुगली पाहिजे. करकर वाजली तर वाळली आहे, पिचकली तर ओलावा जास्त. मध्येच दगडासारखी गाठ लागली तर दुसरी मागा, कारण तिथे झुरका अडेल आणि पेटवलेली सिगार कुणी बदलून देत नाही. पानावर टाचणीच्या टोकाएवढं गोल भोक दिसलं तर किडा आहे. पांढरट भुकटीला काही विक्रेते ‘मुरल्याची खूण’ म्हणतात. बहुतेक वेळा ती बुरशी असते. पैसे देऊ नका.

आता आपला सीमाशुल्क. भारतात येणाऱ्या प्रवाशाला शुल्काशिवाय १०० सिगारेट किंवा २५ सिगार किंवा १२५ ग्रॅम तंबाखू आणता येते. यात ‘किंवा’ महत्त्वाचं: तिन्ही मिळून नाही, तिन्हींपैकी एक. दुसरी चूक अशी होते की इतर सामानाची जी मोठी रुपयांतली सवलत आहे तीत जादा सिगार बसतील असं लोक धरून चालतात. बसत नाहीत. २५ च्या पुढच्या तंबाखूला शुल्क लागतं आणि ते साध्या सामानाहून चढ्या दराने. नवरा-बायकोच्या सवलती एकत्र जोडता येत नाहीत, म्हणून दोघं आणत असाल तर दोन वेगळ्या पेट्या, दोन वेगळी बिलं. उतरल्यावर ड्यूटी फ्रीत घेतलेल्या सिगारही याच २५ मध्ये मोजल्या जातात. तिथे पासपोर्ट आणि बोर्डिंग पास दोन्ही लागतात. जास्त असतील तर लाल मार्गाने जाऊन सांगा. निघण्याआधी सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावर आकडे पुन्हा बघून घ्या, सामानाचे नियम अधूनमधून बदलतात.

वाटेतल्या देशांचे नियम वेगळे, आणि मुंबईच्या वाटेवर शहरात दोन दिवस थांबणारे तिथेच सापडतात. सिंगापूरमध्ये तंबाखूला शुल्कमाफी अजिबात नाही, पहिल्या सिगारपासून जाहीर करावी लागते. हाँगकाँगमध्ये एक सिगार, एकाहून जास्त असतील तर मिळून २५ ग्रॅम. ऑस्ट्रेलियात २५ ग्रॅम, म्हणजे रोबुस्तो आकाराच्या फार तर दोन.

अमेरिकेतल्या भाच्याला भेट द्यायची असेल तर बेत बदला. २४ सप्टेंबर २०२० पासून प्रवाशांना क्युबन सिगार अमेरिकेत नेता येत नाही, स्वतःच्या वापरासाठीही नाही, तिसऱ्या देशात विकत घेतलेलीही नाही. जप्त होते. आणि ब्रिटिश किंवा तशा पासपोर्टवर व्हिसाशिवाय अमेरिकेला जाणाऱ्या मराठी मंडळींसाठी याहून मोठा छुपा खर्च: १२ जानेवारी २०२१ नंतर क्युबाला जाऊन आलात तर ती सोय जाते, रीतसर व्हिसा काढावा लागतो. फी, मुलाखत, थांबणं, सगळं आलं. हवानाचं तिकीट काढण्याआधी हा विचार करा.

सिगार हँडबॅगेत ठेवा, विमानाच्या पोटात ठेचली जाते. लायटर भारतातल्या विमानप्रवासात ना हँडबॅगेत चालतो ना मोठ्या बॅगेत. सुरक्षा तपासणीत महागडा लायटर काढून घेतला जातो, तेव्हा तो घेऊच नका. लांब लाकडी काडी पुरते: आधी गुल जळून गंधकाचा वास जाऊ द्या, मग सिगारजवळ न्या. कटर दोन पात्यांचा, साधा, काही शे रुपयांतला. नक्षीदार भेटसंच घेऊ नका, पाती बोथट असतात आणि सिगारची टोपी, म्हणजे तोंडात धरायचं बंद टोक, चिरडतात.

घरी आल्या आल्या पेटवू नका. विमानातली हवा कोरडी असते. आठवडा, जमल्यास दोन आठवडे विसावा द्या. एकतीस तारखेला ओढायची तर वीस-बावीसपर्यंत घरी आलेली बरी. पाच-दहा सिगारसाठी लाकडी ह्युमिडॉर, म्हणजे आर्द्रता राखणारी पेटी, घेणं म्हणजे पैसे वाया. स्वयंपाकघरातला घट्ट झाकणाचा नवा, बिनवासाचा डबा आणि त्यात ६५ टक्के आर्द्रता राखणारं एक पाकीट, झालं काम. मसाल्याचा जुना डबा वापरू नका, हिंगाचा वास सिगार लगेच धरते. डबा घरातल्या सर्वात थंड कपाटात ठेवा. नुसत्या फ्रिजमध्ये ठेवू नका, तिथे वाळते.

कुठे ओढायची, हेही खर्चाचंच आहे. २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहे आणि दंड दोनशे रुपयांपर्यंत. हॉटेलचा भुर्दंड मात्र त्याच्या कितीतरी पट: धूम्रपानबंदीच्या खोलीत वास आला की साफसफाईचे पैसे बिलात चढतात, भाड्याच्या गाडीचंही तेच. गोव्यात बुकिंग करतानाच धूम्रपानाची जागा कुठे आहे ते लेखी विचारून ठेवा.

रिकाम्या पोटी ओढू नका. निकोटिनने घाम फुटतो, मळमळतं, डोकं गरगरतं. जेवून अर्ध्या तासाने बसा, शेजारी पाणी आणि गुळाचा खडा ठेवा. गरगरलं तर सिगार ठेवून द्या आणि गोड खा. सोबत काय प्यायचं यावर लोक फार बोलतात. दूध न घातलेली कॉफी घ्या, नाहीतर पाणी.

टोपी कापताना दोन मिलिमीटरच, खांद्याच्या गोलाईच्या वर. खोल कापलीत तर बाहेरचं पान उकलतं. न पेटवता एक झुरका घ्या: हवा सरळ आली पाहिजे, जाड स्ट्रॉमधून पाणी ओढल्यासारखी. मग ज्योत टेकवू नका, जवळ धरून सिगारचा पाय, म्हणजे पेटवायचं टोक, गोल फिरवत शेकवा, आणि कड सगळीकडे लाल झाली की पहिला झुरका. मिनिटाला एक पुरे. हाताला गरम लागली तर तुम्ही घाई करताय. विझली तर घाबरू नका. राख झाडा, एकदा बाहेर फुंका, पुन्हा पेटवा. तासाभरात पेटवली तर चव फारशी बिघडत नाही. कागदी पट्टा पहिल्या दहा मिनिटांनी, डिंक ऊबेने सैल झाल्यावर काढा, आधी ओढलात तर पान फाटेल.

पारख करताना निम्मे गुण मी ओढीला आणि जळण्याला देतो, नावाला एकही नाही. ओढ अडली तर आतली पानं कितीही उत्तम असोत, तुमच्यापर्यंत काही पोचत नाही. कड सरळ जळते का, एका बाजूने पळत जाते? राख दोन सेंटीमीटर तरी घट्ट उभी राहते का? राख अगदी पांढरी असलीच पाहिजे असं काही नाही, पण भुसभुशीत गळत असेल तर वळण सैल आहे. अमोनियासारखा झोंबरा वास आला तर तंबाखू पुरती मुरलेली नाही. तीच पेटी वर्षभराने वेगळी लागेल.

उरलेले निम्मे गुण चवीला. सिगार तीन भागांत बघा, कारण तीन भागांत ती बदलते: पहिला सौम्य, मधला भरलेला, शेवटचा जड. इंग्रजी माहितीपत्रकातले शब्द शोधत बसू नका. तुमच्या नाकाला जे माहीत आहे ते लिहा: भाजलेले शेंगदाणे, जायफळ, मिरी, कोको, जुन्या लाकडी कपाटाचा वास, पहिल्या पावसाची माती. मोंतेक्रिस्तोत मला कॉफी आणि कोको सापडतो, पार्तागासमध्ये माती आणि मिरी. तुम्हाला वेगळं सापडलं तर तुमचंच बरोबर. शेवटी एकच प्रश्न स्वतःला विचारा: हीच सिगार याच किमतीला पुन्हा घ्याल का? उत्तर मोबाइलमध्ये लिहून ठेवा, बिलाच्या फोटोशेजारी. पुढच्या सुट्टीत दुकानदार काहीही म्हणाला तरी ती नोंद तुमच्या बाजूने बोलेल.

शेवटचे चार-पाच सेंटीमीटर ओढून संपवायचा हट्ट धरू नका. चव कडवट झाली की थांबा. चिरडून विझवू नका, त्याचा वास सर्वात घाण. रक्षापात्रात ठेवून द्या, ती आपोआप विझते. थोटूक त्याच रात्री पाण्यात भिजवून कचऱ्यात टाका.

उरलेल्या सिगार परत डब्यात. मे महिन्यात पंचवीस अंशांच्या वर उष्णता गेली की तंबाखूतल्या किड्याची अंडी फुटू शकतात, आणि किडे एका सिगारमधून पेटीभर पसरतात. त्याआधी डबा हवाबंद पिशवीत दोनदा गुंडाळून एक दिवस फ्रिजमध्ये, तीन दिवस फ्रीझरमध्ये, परत एक दिवस फ्रिजमध्ये ठेवा आणि मगच बाहेर काढा. घाई केली तर पानं तडकतात. डब्यावर तारीख लिहा, महिन्यातून एकदा झाकण उघडून हवा द्या, आणि आर्द्रतेचं पाकीट हाताला कडक लागलं की बदला.